चौथं पिल्लू

मच्छिंद्रतात्यांना स्टेजवर न्यायचं ही कल्पना बुद्धभूषणची नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कल्पना महोत्सववाल्यांची. वन्यजीव चित्रपटांचा तीन दिवसांचा महोत्सव, त्याला जोडून परिषद, आणि शेवटच्या दिवशी ती फेरी. निवडलेल्या सहा जणांनी आपल्या अर्धवट फिल्मचा तीन मिनिटांचा तुकडा दाखवायचा, सात मिनिटं बोलायचं, आणि समोर बसलेल्या परीक्षकांनी एकाला उचलायचं. ज्याला उचललं त्याची फिल्म चॅनेल पूर्ण करून देणार. यंदा नियमांत नवीन कलम आलं होतं. स्थानिक माणूस सोबत आणणाऱ्याला जादा गुण. “म्हणजे नवरीबरोबर करवली लागते, तसा लांडग्याबरोबर धनगर लागतो म्हणा की,” बुद्धभूषणची आई चंद्रभागाबाई येरवड्याच्या घरात मेथी निवडता निवडता म्हणाली होती. ती बोलते ते लागतं, पण खोटं नसतं.

तर सकाळी सात वाजता बुद्धभूषण स्वारगेटला जाऊन तात्यांना घेऊन आला. नवं कोरं पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि हातात फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या. “तुझ्यासाठी दिल्यात म्हातारीनं. म्हनली, पोरगं शहरात उपाशी मरतंय.” बुद्धभूषणनं भाकऱ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवल्या. त्याला रडायलाच आलं होतं, पण रिक्षावाला मीटरवरून हुज्जत घालत होता, त्यामुळे ते राहून गेलं.

चार वर्षं झाली होती. खराडीतली नोकरी सोडून हा माणूस जेजुरीच्या पलीकडच्या माळावर लांडग्यांच्या मागे लागला, आणि त्या माळावर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन उतरणाऱ्या मच्छिंद्रतात्यांनी त्याला लेकरासारखं सांभाळलं. कुठल्या ओढ्याला लांडगे पाणी पितात, कुठल्या उंचवट्यावर बसून माळ न्याहाळतात, सगळं तात्यांनी दाखवलं. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर तात्या शिव्या घालायचे, आणि शिव्या संपल्या की म्हणायचे, “त्याचा वाटा त्यानं न्येला. आपुन तरी कुनाच्या रानात हावोत?”

याच फेरीत बुद्धभूषण दोनदा नापास झाला होता. गेल्या वर्षी परीक्षकांच्या कागदावर एकच ओळ होती: सगळं लांबून आहे, जवळचं काही नाही. यंदा नाही झालं तर कॅमेरा विकायचा आणि मुकाट्यानं कामाला लागायचं, असं त्यानं बायकोला, दीपमालाला, कबूल केलं होतं. तिनं मागितलं नव्हतं हो. यानंच आपल्या तोंडानं सांगून टाकलं, आणि तिनं “बरं” म्हटलं. ते “बरं” त्याला दोन महिने खात होतं.

आणि या “जवळचं काही नाही”नंच घात केला.

जानेवारीत लांडगी व्यायली. चार पिल्लं. तात्यांनी बजावलं होतं, “बिळाकडं जायाचं न्हाई. ल्येकुरवाळी हाय ती.” या धंद्यातही तोच नियम आहे. बिळापासून दोनशे पावलं लांब राहायचं, कुठल्याही शिकाऊ पोराला विचारा. बुद्धभूषणला हे माहीत नव्हतं असं नाही. तो स्वतः कॉलेजच्या मुलांना हेच शिकवायचा! पण लांडगी बाहेर गेलेली बघून तो गेला. हाताला वास येऊ नये म्हणून मेंढरांच्या लेंड्या चोळल्या आणि बिळाच्या तोंडाशी एक छोटा कॅमेरा लावून आला. लेंड्यांनी माणसाचा वास जातो असं कुणी सांगितलं होतं त्याला, देव जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोठा कॅमेरा घेऊन बिळापासून वीस पावलांवर घोंगडं पांघरून पडून राहिला.

उजाडल्यावर लांडगीनं पिल्लं हलवायला सुरुवात केली. एक तोंडात धरलं, बांधापलीकडच्या घाणेरीच्या झुडपांत नेऊन ठेवलं. दुसरं नेलं. तिसरं नेलं. चौथ्यासाठी ती परत आली, बांधावर चढली आणि थबकली. घोंगड्याखालचा माणूस तिला आता दिसला होता. ती सरळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. पुरती दोन मिनिटं. उठून शंभर पावलं मागे सरला असता तरी काम झालं असतं. तो उठला नाही. उठला असता तर शॉट गेला असता. उन्हं तिच्या पाठीवर पडली होती, डोळे पिवळेजर्द दिसत होते, आणि चार वर्षांत असं काही त्याच्या कॅमेऱ्यात आलं नव्हतं. तो हळू आवाजात “ये ना गं, ये” असं म्हणत राहिला आणि तिथंच पडून राहिला. ती वळली आणि गेली. हा तरी दुपारपर्यंत तिथंच, ती परत येईल या आशेवर. येतेय कशाला!

पिल्लू रात्रभर थंडीत राहिलं. सकाळी तात्यांना ते बिळाच्या तोंडाशी आखडून पडलेलं सापडलं. दातांची खूण नाही, रक्त नाही. तात्यांनीच खड्डा केला, वर धोंडा ठेवला. बुद्धभूषणला ते एवढंच म्हणाले, “ती आलती. तू उठला न्हाईस.” पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात बुद्धभूषणनं त्या पहाटेच्या चित्रणातली पिल्लं नेतानाची दृश्यं आणि लांडगीची नजर तेवढी ठेवली आणि बाकीचं पुसून टाकलं. ते “ये ना गं” पुसलं, बिळाशी लावलेल्या कॅमेऱ्यातलंही सगळं पुसलं. कार्ड कोरं केलं. लहानपणापासून रोज सकाळी आईबरोबर पंचशील म्हणत वाढलेला माणूस. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं शील. पण पुसणं म्हणजे बोलणं थोडंच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

सभागृह थंडगार होतं. तात्यांनी पहिल्या रांगेत बसून घोंगडं पांघरून घेतलं, तेव्हा मागच्या दोन पोरींनी त्यांचा फोटो काढला. बुद्धभूषणचा नंबर चौथा. अंधार झाला, तुकडा सुरू झाला. माळ, ओढा, मेंढरं, मग पहाट, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून जाणारी आई. शेवटी ती नजर. खाली अक्षरं: आपलं घर सोडताना आई शेवटचं वळून बघते. दिवे लागले तेव्हा लोक डोळे पुसत होते. टाळ्या थांबेनात. चॅनेलचा माणूस, आमोद नावाचा, पांढऱ्या बुटांचा, खुर्चीतून अर्धा उठून टाळ्या वाजवत होता. झालं, बुद्धभूषणला वाटलं. झालं एकदाचं!

मग परीक्षकांतल्या विजयमालाबाईंनी माइक घेतला. तीस वर्षं लांडग्यांचा अभ्यास केलेली बाई. वनखात्याच्या सल्लागार समितीवर. पांढरे केस बारीक कापलेले, सुती साडी, आणि बोलणं असं की समोरच्याला आपलं गुणपत्रक आठवावं.

“सुंदर आहे. फक्त एक समजत नाही. ही वळून घराकडे बघत नाहीये, सरळ लेन्समध्ये बघतेय. जनावर लेन्समध्ये बघतं तेव्हा त्याला तुम्ही दिसलेले असता. आणि लांडगी उगाच पिल्लं हलवत नाही. त्रास झाला तर हलवते. तर मला सांगा, हिला त्रास कुणाचा झाला?”

सभागृहात चारशे माणसं बुद्धभूषणच्या उत्तराची वाट बघत होती. काय सांगू? सांगितलं तर आत्ता, इथंच, सगळं संपतं. फिल्म तर जाईलच, पण या धंद्यात बिळाशी जाणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. चार वर्षं पाण्यात. दीपमालाचं “बरं”. त्यानं तात्यांकडे पाहिलं. वाचवा, असंच त्याचं तोंड झालं असणार.

तात्या उठले. माइकची त्यांना गरज नव्हती, माळावर आवाज द्यायची सवय. तरी एका पोरीनं धावत जाऊन माइक पुढे धरला.

“ताई, चूक माजी हाय. माजी कुत्री गेलती बिळाकडं. भुरी. तिच्या भ्यानं ती पिल्लं घिऊन पळाली. चौथं मागं राह्यलं, त्यालाबी भुरीनंच मारलं.”

भुरी! नऊ वर्षांची, दात पडलेली, कोकरांच्या उबेला झोपणारी कुत्री. तिनं कधी ससा मारला नव्हता. तात्यांनी तिचं नाव घेतलं आणि बुद्धभूषणकडे बघून डोळ्यांनीच खूण केली. कुत्रीला काय कुणी फाशी देत नाही, निभावून ने.

आणि यानं निभावून नेलं. मान हलवली. खाली बसला.

पुढचं इंग्रजीत झालं. विजयमालाबाई वळून आमोदशी बोलू लागल्या, आणि बुद्धभूषण प्रत्येक शब्दाबरोबर गार पडत गेला. मेंढपाळांच्या कुत्र्यांचं मी दहा वर्षं सांगतेय, बाई म्हणत होत्या, पण एकही मेंढपाळ कबूल करत नाही. हा पहिला माणूस, आणि रेकॉर्डवर. पिल्लांच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, तो माळ मेंढरांना बंद करावा असा प्रस्ताव समितीपुढे पडून आहे. सोमवारी बैठक आहे, इथल्या बोलण्याचं चित्रण मी तिथं दाखवते. आमोद तर खुशीतच आला. हीच तर गोष्ट आहे, म्हणाला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला धनगराची कुत्री. यावर सगळी फिल्म उभी राहते. निकाल चार वाजता, पण तयारीत राहा, असं त्यानं बुद्धभूषणच्या खांद्यावर थोपटून सांगितलं.

जानेवारी ते मार्च. म्हणजे तात्यांची मेंढरं ज्या दिवसांत त्या माळाच्या गवतावर जगतात, नेमके तेच दिवस.

जेवणाच्या रांगेत तात्या बशी धरून उभे होते. पनीर बघून म्हणाले, “ह्ये खोबरं हाय का?” मग हळूच विचारलं, “ती ताई काय म्हनत व्हती रं मघाशी? लई येळ बोलत व्हती.”

इथं सांगायचं होतं. इथं, त्या बुफेच्या टेबलापाशी, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पण चार वाजायला दोन तास होते, आमोदचा हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटत होता, आणि माणूस आशेला असा काही लोंबकळतो की विचारू नका.

“चांगलं म्हणाली, तात्या,” बुद्धभूषण म्हणाला. “तुमचं कौतुकच केलं.”

तात्या हसले. गुलाबजाम आणखी एक घेतला. आणि बुद्धभूषणला वाटलं, आपण हे काय केलं? अरे, काय केलं हे! बॅगेतल्या भाकऱ्यांचा वास येत होता, तर त्यानं बॅगेची चेन लावून टाकली.

चार वाजता त्याचंच नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. आमोदनं हात मिळवला, फुलांचं रोप दिलं, फोटोवाले पुढे सरसावले. समोर पहिल्या रांगेत तात्या दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते, घोंगडं खाली घसरलेलं, त्याची शुद्ध नाही. पोटच्या पोराला नोकरी लागल्यावर बाप वाजवेल तशा. ते त्याला बघवेना. त्यानं रोप खाली ठेवलं आणि माइक ओढून घेतला.

“तात्या खोटं बोलले,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “कुत्री गेलीच नव्हती. मी गेलो होतो. बिळाच्या तोंडाशी मी कॅमेरा लावला. ती माझ्याकडे बघतेय. मी उठलो नाही म्हणून ते पिल्लू मेलं. मी मारलं त्याला. माळ बंद करू नका. हवं तर मला बंद करा, मला हाकलून द्या, पण माळ बंद करू नका!”

विजयमालाबाईंनी चष्मा काढला. त्या बाईला खलनायिका करू नका, तिनं जे करायला हवं तेच केलं. “अहो, हे फार गंभीर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हे खरं असेल तर मी आत्ता सगळ्यांसमोर माझे शब्द मागे घेते. मूळ चित्रण दाखवा. पूर्ण. त्यात कळेलच.”

“ते नाहीये,” बुद्धभूषण म्हणाला.

“नाहीये म्हणजे?”

“पुसलं मी.”

कुणीतरी मागे हसलं. बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. ती नजर कीव केल्यासारखी होती. मग त्या पहिल्या रांगेकडे वळल्या. “दादा, तुम्ही सांगा. हे आता म्हणतायत की चूक तुमच्या कुत्रीची नाही, यांचीच आहे. खरं काय?”

बुद्धभूषण ओरडला, “तात्या, खरं सांगा!” पण तात्यांना कुठून कळावं की माळ म्हणजे कुठला माळ आणि बंद म्हणजे काय बंद? त्यांना दुपारी सांगितलं होतं, सगळं चांगलं झालंय. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की हातात आलेलं बक्षीस हे पोरगं रडून घालवतंय. आणि पोराला सावरायचं तर आता कच्चं बोलून चालणार नाही.

तात्यांनी मुंडासं नीट केलं. हात छातीवर ठेवला.

“ताई, पोरगं भोळं हाय. माजी लाज राखाया आपल्या अंगावर घेतंय. भुरीच गेलती. मल्हारीची आन घिऊन सांगतो.”

अशा टाळ्या पडल्या की बस. लोक उभे राहिले. एकमेकांसाठी दोष अंगावर घेणारे दोन मित्र! आमोदचे डोळे पाणावले, आणि तो शेजाऱ्याला म्हणाला की हे सगळं रेकॉर्ड झालंय ना, हे फिल्मच्या शेवटाला घेऊ. विजयमालाबाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. माइक पुढच्या कार्यक्रमासाठी कुणीतरी बुद्धभूषणच्या हातातून हलकेच काढून घेतला. तो बोलतच होता, पण ते आता कुणाला ऐकू येत नव्हतं.

बाहेर पार्किंगच्या कडेला चहाची टपरी होती. तात्या खुशीत होते. “न्हाई तर घालवलं व्हतंस की समदं,” म्हणाले. “एवढं कशाला भ्यायचं? भुरीला काय कळतंय?” बुद्धभूषणनं ग्लास हातात धरून त्यांना सगळं सांगितलं. समिती, सोमवार, जानेवारी ते मार्च. बाई इंग्रजीत काय म्हणाली ते शब्दन्‌शब्द. सांगताना त्याला त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून तो त्यांच्या वहाणांकडे बघत होता. वहाणा हलल्या नाहीत.

“ह्ये तुला कवा कळलं?” तात्यांनी विचारलं.

“सकाळीच.”

“म्हंजी म्या जेवताना इचारलं तवा ठावं व्हतं.”

“हो.”

तात्यांनी ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

“चला ना तात्या,” बुद्धभूषण म्हणाला. तो आता उघड रडत होता, टपरीवाल्याची, रस्त्यावरच्या माणसांची पर्वा नव्हती. “परत आत जाऊ. त्या बाईंना सांगा. अजून गेल्या नाहीत त्या. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. तुमच्या पाया पडतो.”

तो खरंच वाकला. तात्यांनी त्याला धरून उभं केलं.

“काय सांगू? मल्हारीची आन घेतली म्या चारशे लोकांत. घरात सात पिढ्यांत कुनी खोटी आन घेतली न्हवती. आता कुठल्या तोंडानं म्हनू की ती खोटी व्हती? आन म्हनलो तरी माजं कोन खरं मानंल? तुजं मानलं का?”

“दोनशे मेंढरं हायती,” तात्या म्हणाले, जणू हे त्याला माहीत नव्हतं. त्यांनी घोंगडं झटकलं आणि खांद्यावर घेतलं. बुद्धभूषण स्वारगेटला सोडायला निघाला, तर हातानंच थांबवलं. रिक्षालाही हात केला नाही. चालत निघाले.

फाटकापाशी ते थांबले आणि मागे वळले. नुसते उभे राहून सरळ त्याच्याकडे बघत राहिले. बुद्धभूषणला वाटलं, आता पळत जावं, पाय धरावेत, काहीही करावं. खिशात फोन वाजत होता, आमोदचाच असणार. त्याचे पाय हलले नाहीत. तात्या वळले आणि गर्दीत गेले.